शुक्रवारचा जाड लिफाफा

तिला सगळे टपालताई म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि नवऱ्याच्या तोंडात होतं, बाकी कुठे नव्हतं. परक्या देशातून आलेल्या माणसांच्या हक्कांसाठी झटणारी ती संस्था एका जुन्या इमारतीत होती. खाली चपलांचं दुकान, मधल्या मजल्यावर दातांचा डॉक्टर, त्याच्या वर ही. जिना चढून धापा टाकत आलेल्या माणसाला पहिलं दिसायचं ते टपालताईचं टेबल. एकोणीस वर्षं तेच टेबल, तीच खुर्ची, खुर्चीवरची उशी तेवढी तीनदा बदललेली.

काम काय, तर टपाल. ऐकायला किरकोळ वाटतं ना? वाटू द्या. ज्या माणसाला स्वतःचा पत्ता नाही, जो आज या खोलीत चौघांबरोबर आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या खोलीत सहा जणांबरोबर झोपतो, त्याला सरकार पत्र पाठवणार कुठे? म्हणून असली माणसं अर्जावर संस्थेचा पत्ता घालत. कागदोपत्री तीनशे चौदा माणसं त्या एका दारात राहत होती. त्यांची पत्रं टपालताई सही करून घ्यायची, लिफाफ्यावर तारखेचा शिक्का मारायची आणि माणूस आला की त्याच्या हाती द्यायची. फोडायची मात्र नाही. दुसऱ्याचं पत्र ते दुसऱ्याचं, हा तिचा पहिला नियम होता आणि त्यात ती मॅडमचंही ऐकत नसे.

मॅडम म्हणजे संस्थेच्या प्रमुख. भाषण चांगलं करायच्या, माणूसही वाईट नव्हत्या. पण देणगीदारांसमोर उभ्या राहून राहून त्यांची एक सवय झाली होती, घरातल्या माणसाशी बोलतानाही समोर पन्नास खुर्च्या मांडल्यासारखं बोलायचं. त्यांच्याखाली एक वकील, सोमवार ते बुधवार येणारा. बाकीचे दिवस तो दुसऱ्या ऑफिसात पोटापाण्याचं काम करायचा. म्हणजे गुरुवार-शुक्रवार कायद्याचं काही विचारायचं झालं, तर ते टपालताईलाच विचारायचं, आणि तक्रारी-अर्जही तिच्याकडूनच लिहून घ्यायचे. ती स्वतःही कधीकाळी याच बाकावर पत्राची वाट बघत बसलेली होती. तिचं पत्र पातळ निघालं होतं.

आता हे पातळ-जाड काय प्रकरण आहे ते ऐका. सरकारी होकार एका पानाचा असतो. मंजूर, सही, शिक्का, संपलं. नकाराला मात्र कारणं लागतात, कलमं लागतात, मागची कलमं पुढच्या कलमांना जोडावी लागतात. नाही म्हणायचं असलं की सरकारला वाचा फुटते. त्यामुळे होकाराचा लिफाफा पातळ आणि नकाराचा जाड. एकोणीस वर्षं लिफाफे हाताळून टपालताईच्या हाताला अशी सवय झाली होती की पोस्टमनकडून घेता घेताच तिला कळायचं. ऑफिसातले गमतीने तिच्यापुढे लिफाफे धरायचे आणि म्हणायचे, सांगा टपालताई. ती सांगायची, आणि बरोबर सांगायची. एवढं बरोबर की शेवटी तिलाच ते खरं वाटायला लागलं, आणि घात झाला तो तिथे.

आणि दुसरा नियम, शुक्रवारचा. तोही उगीच झाला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी बेकरीत भट्टीवर काम करणारा एक उंच, लाजरा माणूस शुक्रवारी संध्याकाळी पाचला दहा कमी असताना आला. टपालताईने जाड लिफाफा त्याच्या हातात ठेवला. वकील नव्हता, मॅडम बाहेरगावी. सोमवारी सकाळी ये, वकील वाचून सांगेल, मार्ग निघतो, असं ती म्हणाली आणि दार बंद करून घरी गेली. त्याने कुणाकडून तरी पहिलं पान तेवढं वाचून घेतलं. पहिल्या पानावर नकार होता. अपील करता येतं हे सहाव्या पानावर होतं. सोमवारी तो आला नाही. बुधवारी पोलीस आले, त्याच्या खिशात सापडलेली संस्थेच्या पत्त्याची चिठ्ठी घेऊन.

तेव्हापासून टपालताईने कानाला खडा लावला. शुक्रवारी दुपारनंतर जाड लिफाफा कुणालाही द्यायचा नाही. दुसऱ्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा आणि सोमवारी, वकील शेजारी बसलेला असताना, बाहेर काढायचा. मॅडमना हे इतकं आवडलं की त्यांनी ते संस्थेच्या वार्षिक अहवालात छापलं. पान चौदा, वर टपालताईचा फोटो, खाली लिहिलेलं, आमची माणुसकीची पद्धत. टपालताईने त्या अहवालाची एक प्रत घरी नेऊन कपाटात साड्यांखाली ठेवली होती. माणसाला कौतुक हवं असतं, त्यात लाजण्यासारखं काय आहे?

आता त्या शिलाईवालीकडे येऊ. ती एका कारखान्यात हॉस्पिटलचे गाऊन शिवायची. शिवायची म्हणजे डावी बाही जोडायची. उजवी बाही दुसरी जोडायची, गळा तिसरी. अकरा वर्षं डावी बाही. मुलगी सात वर्षांची असताना तिला आपल्या बहिणीकडे ठेवून ही इकडे आली होती, दोन वर्षांत बोलावून घेते म्हणून. दोनाची अकरा झाली. दर वाढदिवसाला मावशी दोरीने पोरीची मापं घ्यायची, फोनवर सांगायची, आणि ही इकडे फ्रॉक शिवून पाठवायची. एकदाही चुकला नाही म्हणे, काखेतसुद्धा नाही. सांगताना तिचा चेहरा असा व्हायचा की ऐकणाऱ्याने दुसरीकडे बघावं.

मुलीला बोलावून घेण्याचा अर्ज सरकारकडे पडून होता. वकिलाने तिला स्पष्ट सांगितलं होतं, पोरगी अठराची व्हायच्या आत उत्तर आलं तर ठीक. अठराची झाली की ती कायद्याने मूल राहत नाही, मग फाइल आपोआप बंद. आणि त्या वर्षी पोरगी एका रविवारी अठराची होणार होती. म्हणून शेवटचे दोन महिने शिलाईवाली दर शुक्रवारी, कारखाना अर्धा दिवस सुटला की, येऊन बाकावर बसायची. काही आलं का ताई, एवढंच विचारायची. नाही म्हटलं की मान हलवून थोडा वेळ बसून राहायची.

त्या शेवटच्या शुक्रवारी तीन वाजून दहा मिनिटांनी पोस्टमन आला. सात पत्रं होती. पाचव्यावर शिलाईवालीचं नाव. टपालताईने ते हातात घेतलं. जाड. चांगलंच जाड. तिने शिक्का मारला, दुसरा ड्रॉवर उघडला, लिफाफा आत ठेवला आणि ड्रॉवर बंद केला. वीस मिनिटांनी जिन्यावर शिलाईवालीची पावलं वाजली.

काही आलं का ताई, असं तिने विचारलं. त्या दिवशी तिचा आवाज कसातरीच येत होता, जीव टांगणीला लागलेला. टपालताई म्हणाली, "नाही गं. आज काही नाही. सोमवारी सकाळी नऊला ये, वकीलही असेल. पत्रावर रविवारच्या आतली तारीख असली की चालतं, पोस्टाला दोन दिवस लागतातच." मग उठून तिने स्वतः चहा केला. दोघी अर्धा तास बसल्या. या वेळी फ्रॉक नाही, सलवार-कमीज शिवतेय, अठराची झाली ना आता, असं शिलाईवाली सांगत होती. टपालताई ऐकत होती आणि मनात म्हणत होती, नकार तर येऊन पडलाच आहे, निदान पोरीला वाढदिवसाचा फोन तरी आनंदात करू दे हिला. जाताना तिने शिलाईवालीच्या पाठीवर हात ठेवला. आपण फार शहाण्यासारखं वागलो असं तिला घरी जाईपर्यंत वाटत होतं.

सोमवारी नऊला पाच कमी असताना शिलाईवाली हजर. वकील आला, टपालताईने ड्रॉवरमधून लिफाफा काढला आणि बाईच्या हाती दिला, बाईने तो वकिलाला फोडायला दिला. वकिलाने पहिलं पान वाचलं आणि तो उभाच राहिला. मंजूर, असं त्याने मोठ्याने म्हटलं. तो शब्द शिलाईवालीला त्या परक्या भाषेतही पाठ होता. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. टपालताईच्या मनात आलं, जाड लिफाफ्यात मंजुरी कशी? मग वकिलाने पान उलटलं. आत नऊ पानांचा फॉर्म होता, तो कसा भरायचा याची सहा भाषांतली सूचना होती, आणि चौकटीत एक ओळ होती. मुलगी अठरा वर्षांची होण्यापूर्वी, म्हणजे शनिवारी दुपारी बारापर्यंत, सही केलेला फॉर्म आणि दोन फोटो सरकारी ऑफिसच्या खिडकीवर जमा करावेत. न केल्यास मंजुरी रद्द समजावी.

वकिलाने ती ओळ दोनदा वाचली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. शिलाईवाली अजून हसत होती.

मग जी धावपळ झाली ती सांगण्यात काही राम नाही. वकील तिला घेऊन सरकारी खिडकीवर गेला. खिडकीतल्या माणसाने कॉम्प्युटर बघून सांगितलं, शनिवारी आला असता तर इथेच पाच मिनिटांत काम झालं असतं. तुमचं पत्र उशिरा आलं म्हणून भांडावं, तर पोस्टाच्या नोंदीत शुक्रवार, तीन वाजून दहा मिनिटं, पुढे टपालताईची सही. शनिवारची अख्खी सकाळ हातात होती. हे बोलणं परक्या भाषेत चाललेलं, शेजारी उभ्या शिलाईवालीला त्यातलं काही कळलं नाही.

दुपारी मॅडमनी दार लावून घेतलं. आत मॅडम, वकील आणि टपालताई. वकील म्हणाला की एक वाट आहे, पण अवघड आहे. अर्जदाराचा दोष नसून संस्थेच्या माणसाने पत्र दाबून ठेवलं, असं सिद्ध करायचं. त्यासाठी बाईने संस्थेविरुद्ध, नाव घेऊन, लेखी तक्रार द्यायची आणि ती तीस दिवसांत विनंतीला जोडायची. मॅडमनी टेबलावरचं पेन उचलून त्याला टोपण लावलं. मग बोलल्या ते मात्र पन्नास खुर्च्यांसमोर बोलल्यासारखं नाही, हळू बोलल्या. याच महिन्यात परवान्याची फेरतपासणी होती. अशी तक्रार फाइलला लागली की टपाल घेण्याचा परवाना जाणार. तीनशे तेरा माणसांची पत्रं मग कुठे जाणार होती? बाईला सांगू या की पत्र उशिरा आलं. अगदी खोटंही नाही ते. टपालताईने कसंबसं नियमाचं नाव काढलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "असा कुठलाही नियम या संस्थेत कधीच नव्हता. ते तुमचं वैयक्तिक होतं."

राग यावा असंच बोलणं होतं, पण खरी गोष्ट अशी की टपालताईला त्या क्षणी हायसं वाटलं. कुणीतरी आपल्यासाठी ठरवून टाकलं याचं हायसं. बाहेर येऊन तिने शिलाईवालीला सांगितलं की पत्र फार उशिरा आलं गं. शिलाईवालीने मान हलवली आणि थोडा वेळ बाकावर बसून राहिली, नेहमीसारखीच.

नऊ दिवस टपालताई गप्प राहिली. हेही लपवून ठेवण्यात अर्थ नाही. नऊ दिवस ती पत्रं घेत होती, शिक्के मारत होती, आणि दुसरा ड्रॉवर उघडायचा टाळत होती. घरी नवरा, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला, शांत माणूस. त्याने जेवताना एकदा विचारलं, हिने सांगितलं. त्याने हात धुतले, पुसले आणि म्हणाला की अपघात झाला की ड्रायव्हरने गाडी थांबवायची असते, पुढे न्यायची नसते. एवढं बोलून तो बातम्या लावायला गेला. तिला त्याचा भयंकर राग आला. निवृत्त माणसाला काय जातंय बोलायला, असं ती भांड्यांना ऐकवत राहिली.

दहाव्या दिवशी ती शिलाईवालीच्या खोलीवर गेली. एका खोलीत तीन पलंग, मधे पडदे, खिडकीपाशी मशीन. मशीनवर निळा कमीज अर्धा शिवून ठेवलेला, दोन्ही बाह्या लागलेल्या. टपालताई उभ्या उभ्याच सगळं बोलली. पत्र शुक्रवारी आलं होतं, तू चहा प्यायला बसलीस तेव्हा ते ड्रॉवरमध्ये होतं, मीच ठेवलं होतं, नकार आहे असं वाटलं म्हणून ठेवलं होतं. मग बसून तिने पिशवीतून कागद काढले. इतकी वर्षं परक्यांच्या तक्रारी लिहून देणारी ती बाई आता स्वतःविरुद्ध तक्रार लिहायला बसली. तिने सुबक अक्षरात, काही न गाळता लिहिलं. आपलं पूर्ण नाव घातलं, वेळ घातली, ड्रॉवर घातला. सोबत वार्षिक अहवालाचं पान चौदा जोडलं, फोटोसकट. म्हणजे नियम नव्हता असं कुणाला म्हणता येऊ नये.

शिलाईवाली शेजारच्या पलंगावर बसून लिहिणाऱ्या हाताकडे बघत होती. रडली नाही, ओरडली नाही. कागद पुढे आला तेव्हा सही कुठे, एवढंच तिने विचारलं आणि सही केली. टपालताईला वाटलं होतं की ती शिव्या देईल, निदान का असं विचारेल. तिने उठून दार उघडून धरलं.

पुढचं सगळं व्हायचं तसंच झालं. टपालताईची नोकरी गेली. निरोपाचा चहासुद्धा झाला नाही, खुर्चीवरची उशी तेवढी शिपायाने घरी आणून दिली. संस्थेचा परवाना तीन महिने स्थगित झाला आणि त्या तीन महिन्यांत किती जणांची पत्रं परत गेली ते देवालाच ठाऊक. बाकावरची माणसं रस्त्यात भेटली की बाजूला बघून जायची. ज्यांना तिने वर्षानुवर्षं चहा पाजला, त्यांच्यातल्याच एकाने तिला भर बाजारात विचारलं की तुम्हाला एवढा पुळका त्या एकटीचाच का आला?

चार महिने उलटले आणि एका दुपारी दारावर थाप पडली. दारात शिलाईवाली. तिने पत्ता आता कारखान्याच्या चौकीदाराकडचा लावला होता, तिथे हे पत्र आलं होतं, न फोडलेलं. वकिलाकडे का गेली नाहीस, असं टपालताईने विचारलं. वकील सोमवारी येतो, आज शुक्रवार आहे, असं ती म्हणाली. मला थांबायचं नाही. वाचा.

टपालताईने लिफाफा हातात घेतला. पातळ. एका पानाचा. तिने काही ठरवलं नव्हतं, पण हाताला सवय, आणि हाताचं ते चेहऱ्यावर. चार महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर उजेड आला, आणि समोरच्या बाईने तो पाहिला. तिने पटकन पलीकडची खुर्ची धरली आणि बसली.

टपालताईने लिफाफा फोडला. पाच ओळी होत्या. तिने पाचही वाचल्या, मोठ्याने, एक शब्द न गाळता. चूक संस्थेची होती हे सरकारला मान्य होतं. अर्जदार आईचा काही दोष नव्हता हेही मान्य होतं. परंतु मुलगी आता अठरा वर्षांची झालेली असल्याने विचार करण्यासारखा अर्ज उरलेला नव्हता. फाइल बंद करण्यात येत आहे.

नवरा आतल्या खोलीत होता, त्याने बातम्यांचा आवाज बंद केला. टपालताई म्हणाली की आपण पुढे जाऊ, आणखी वरचं ऑफिस असतं, मी लिहून देते. शिलाईवालीने तिच्या हातातून कागद काढून घेतला, घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवला. मग तिने विचारलं, "तो ड्रॉवर आपण चहा प्यायलो तिथून किती लांब होता?"

"हाताएवढा," टपालताई म्हणाली.

शिलाईवाली उठली. दारापर्यंत गेली आणि वळली. आवाज चढलेला नव्हता, माप सांगावं तसा सरळ होता. ती म्हणाली, "शनिवारी बारा वाजता मी कमीजला बटणं लावत होते. त्या तीन रात्री मला फार छान झोप लागली, ताई. तुम्हाला हवं होतं तसंच झालं."

ती गेल्यावर नवरा बाहेर आला. टेबलावर रिकामा लिफाफा पडला होता, त्यावर तिचा तारखेचा शिक्का मारलेला नव्हता. बायको तो हातात घेऊन बसली होती, आणि त्याने दोनदा हाक मारूनही तिने तो खाली ठेवला नाही.